जावयाच्या हातात गाडी

जावई गाडी मागतो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? कोपरीतल्या त्या घरात तरी कोणाची टाप नव्हती. मांडवपरतणीला आलेल्या विनीतने जेवता जेवता मेव्हण्याची, म्हणजे प्रफुल्लची, जपानी गाडी चार दिवस फिरवायला मागितली आणि सासूने, आवडाबाईंनी, मुलाला न विचारताच चावी जावयाच्या हातावर ठेवली. मुलाचा जीव त्या गाडीत अडकलाय हे माऊलीला चांगलं ठाऊक होतं. पण जावई तो जावई.

गाडी साधी नव्हती. तिच्या इंजिनात पिस्टनच नव्हते, त्रिकोणी रोटर गरगर फिरायचे आणि वर टर्बो. टर्बोने प्रमाणाबाहेर हवा कोंबली की गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल तोडायचा. धाडकन झटका बसायचा, पण इंजिन वाचायचं. भंगारात निघालेलं ते इंजिन प्रफुल्लने वर्षानुवर्षं खपून उभं केलं होतं. तसलं दुसरं मिळणार नव्हतं.

नेमका तोच झटका डोंबिवलीत मित्रांसमोर विनीतला बसला. मित्र फिदीफिदी हसले. झालं, नव्या नवरदेवाचं नाक कापलं गेलं! दुसऱ्याच दिवशी त्याने विठ्ठलवाडीच्या एका गॅरेजात कॉम्प्युटरला गंडवून झटका बंद करणारी डबी बसवून घेतली आणि रविवारी सकाळी प्रफुल्लला बोलावून मोठ्या ऐटीत शेजारी बसवलं. मागे त्याची नवी नवरी, समृद्धी बसली.

"दाजी, ती डबी काढा ना," प्रफुल्ल म्हणाला. "झटका म्हणजे बिघाड नाय. गाडी स्वतःला वाचवते. हवा वाढली आन् पेट्रोल पुरलं नाय तर इंजिन आतल्या आत फुटेल."

"टेन्शन नको घेऊ रे. माझा मित्र रोज असल्या गाड्या बनवतो."

प्रफुल्लने मान वळवून बहिणीकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक चाळवत खाली बघत होती. घरून निघताना आईने बजावलं होतं, "जावयाला दुखवू नको रे बाबा. पोरीला तिथं नांदायचंय." त्याने सीटबेल्ट ओढून लावला.

शिळफाट्याकडचा रस्ता मोकळा मिळाला आणि विनीतने पाय दाबला. टर्बोचा काटा चढत चढत झटक्याच्या जागी आला. झटका बसला नाही. काटा पुढेच सरकला.

"दाजी, पाय काढा! पाया पडतो तुमच्या!"

विनीत हसला. डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज आला, मग एक दणका, आणि थरथरत कडेला लागता लागता गाडी बंद पडली.

विनीतने स्टार्टर मारून पाहिला. आतून नुसती फुसफुस आली. रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या तुटल्या होत्या, प्रफुल्लला ते उघडून बघायची गरज नव्हती. त्याला पोरासारखं ढसाढसा रडावंसं वाटलं.

विनीतने स्टिअरिंगवर हात आपटला आणि मागे वळून बायकोवर खेकसला, "असलंच देतात काय तुमच्याकडे जावयाला?"

समृद्धी दचकली. "दादा, गाडी जुनीच होती ना रे?" तिने मागून भावाचा खांदा धरला. "सांग ना यांना."

लग्नाला पंधरवडाही झाला नव्हता आणि पोर इतकी घाबरलेली. इंजिनाचं आता प्रफुल्लला काहीच वाटेना.

"हो," तो म्हणाला. "जुनीच होती. माझंच चुकलं, दाजी."