रंग वाळेपर्यंत

आमच्या संस्थेच्या फॉर्मवर सातवा प्रश्न होता : घर का सोडलं? प्रश्न मीच काढलेला. लोक बेघर का होतात ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं, म्हणून सकाळी दहालाच मी निवारा केंद्राच्या जेवणघरात टेबल मांडून बसले. चेहऱ्यावर समंजसपणा, पर्समध्ये दोन पेनं.

पहिले आले ते घड्याळं दुरुस्त करणारे एक काका. त्यांची इमारत पाडली आणि नव्या इमारतीत भाडेकरूंना जागाच नव्हती.

"म्हणजे घर सोडलंत," मी लिहायला लागले.

"सोडलं नाही हो ताई, सुटलं."

"तेच ते."

"तेच कसं? कप हातातून सोडला आणि कप हातातून सुटला, एकच का?"

मला राग आला. एक तर चौदा फॉर्म भरायचे, त्यात हे व्याकरण. मी 'सोडलं'च लिहिलं.

जाता जाता त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे एक बाई पाठमोरी बसून कुणाच्या तरी शर्टाला बटण लावत होती. "त्या आजींना विचारा. त्यांचं तर अजून सुटलंसुद्धा नाही. भाचीच्या घराला रंग देताहेत म्हणे, वाळला की जाणार. आठ महिने झाले. मला रोज विचारतात, रंग वाळायला किती दिवस लागतात हो?"

मी त्या पाठीकडे नीट पाहिलं. ती माझी आत्या होती.

अकरा वर्षं ती माझ्याकडे राहिली. रंगकाम काढलं तेव्हा मीच म्हटलं होतं, "चार दिवस मैत्रिणीकडे राहून येतेस का?" तिने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी सांगितलं, रंग अजून ओला आहे. तोवर तिच्या खोलीत माझं टेबल गेलं होतं. हा सातवा प्रश्न मी त्याच टेबलावर बसून काढला. पुढे ती मैत्रीण मुलाकडे राहायला गेल्याचं कानावर आलं, तरी मी आत्याची चौकशी केली नाही. नातेवाईकांना सांगायची, आत्या हट्टी, आपणहून निघून गेली.

फॉर्म गोळा करून गुपचूप सटकायचं मी ठरवलंही होतं. तेवढ्यात तिने मागे वळून पाहिलं.

ती येऊन समोर बसली. शेजारच्या टेबलावर आमच्या संस्थाप्रमुख मॅडम होत्या. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे. आणि मला चक्क अहोजाहो करत मोठ्याने म्हणाली, "लिहा बाई. घर मीच सोडलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेन उचललं, पण तो शब्द काही केल्या लिहवेना.

"आत्या, रंग तिसऱ्याच दिवशी वाळला होता," मी म्हणाले. आवाज जरा जास्तच चढला. मॅडमनी मान वळवली.

आत्याने माझ्या हातावर हात ठेवला.

"माहीत आहे गं मला," ती पुटपुटली. "हळू बोल. मॅडम ऐकतायत."