पहिल्या पाळीचा डबा

मुलुंडच्या त्या चाळीत रंगीत टीव्ही होता तो एकट्या वसुधाताईंकडे. मंगळवारी संध्याकाळी मराठी मालिका लागली की काशीराम आणि त्याची बायको जानकी त्यांच्या सतरंजीवर जाऊन बसत. सत्त्याऐंशी सालच्या अशाच एका मंगळवारी मालिकेतल्या कारकुनाची नोकरी गेली. घरी सांगायचं धाडस त्याला होईना. मग रोज सकाळी तो डबा घेऊन निघायचा, दिवसभर बागेत बसायचा आणि संध्याकाळी दमल्याचं सोंग करत घरी यायचा.

जानकी ताडकन उभी राहिली. "अहो, हे तुमचं नाटक! चोरलंय मेल्यांनी!"

काशीरामने एकोणऐंशी साली, गिरणीत असताना, कामगारांच्या स्पर्धेसाठी अगदी हीच एकांकिका लिहिली होती. दुसरं बक्षीस मिळालं होतं.

"अगं, अशा गोष्टी सुचतात कुणालाही," काशीराम पुटपुटला. "मागे त्या हिंदी सिनेमात पण असंच होतं की."

"मग दोघं पण चोर!"

वसुधाताईंच्या मुलीने, मीराने, डिरेक्टरीत लेखिकेचा नंबर शोधला, फोन लावला आणि शनिवारची वेळही घेऊन टाकली. जायचं मात्र काशीरामच्या जिवावर आलं होतं. त्यामागचं कारण त्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं, जानकीलाही नाही. संपात गिरणी सुटली, मग भांडुपच्या एका कारखान्यात काम लागलं, आणि चौऱ्याऐंशीत तोही बंद पडला. तेव्हा चार महिने काशीराम स्वतःच डबा घेऊन घराबाहेर पडत होता. आपण लिहिलेलं आपल्याच अंगावर आलं, याची त्याला इतकी लाज वाटली होती, की पुढे त्याने एक ओळही लिहिली नाही.

अंधेरीला लेखिका सुलक्षणाबाईंनी स्वतःच दार उघडलं. पन्नाशीच्या, चष्मा केसांवर चढवलेला. जानकीने बसायच्या आधीच आरोप करून टाकला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा ठेवला आणि कपाटातून पत्रांचा गठ्ठा काढला.

"तुमची एकांकिका मी पाहिलेली नाही, खरंच सांगते," त्या म्हणाल्या. "ती गोष्ट माझ्या वडिलांची. छापखाना बंद पडला तेव्हा ते अकरा महिने असेच डबा घेऊन जात होते. ही पत्रं आलीत चार दिवसांत. सोलापूरचे एक गृहस्थ म्हणतात, माझी कथा ढापली. नाशिकच्या एक बाई लिहितात, माझ्या नवऱ्याचं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाईंनी काशीरामकडे पाहिलं. "तुम्हाला कशी सुचली?"

"सुचली तेव्हा मनातलीच होती," तो म्हणाला. समोर परकी बाई होती म्हणून असेल, किंवा त्या पत्रांमुळे असेल, पण तीन वर्षं दाबून ठेवलेलं तोंडातून निघून गेलं. "नंतर खरी झाली. मी पण गेलोय तसा डबा घेऊन. चार महिने. हिला ठाऊक नाही."

"माका ठाऊक आसा," जानकी म्हणाली.

काशीरामने मान वळवली. घरची मालवणी ती परक्यांसमोर सहसा बोलत नसे.

"तिसऱ्याच दिवशी कळला. कारखान्यातून डबा यायचो तेव्हा कालवण सुकून चिकटलेला असायचा. नखान खरवडूचा लागायचा. आणि त्या दिवसापासून डबा धुतलेलो. कारखान्यात कोण धुता हो डबे? बागेतल्या नळावर धुवत होतात ना?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या नाटकातली बायको बोलली ना!" जानकीचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. "डबा आपटून जाब विचारते, आणि तो घर सोडून जातो तो परत येत नाही. दुसऱ्या रांगेत बसून बघितलाय मी. रडत रडत घरी इललंय. मी कशी विचारतलंय?"

त्या चार महिन्यांत डब्यात कधी नव्हे ती सुरमई येत होती, ते आत्ता काशीरामच्या ध्यानात आलं.

"आणि धाकूने, माझ्या भावाने, मला वॉचमनची नोकरी सांगितली, ती?"

"भावजींच्या घरी तीनदा जाऊन बसले होते मी," ती पुन्हा नेहमीच्या बोलीवर आली. "त्यांना म्हटलं, माझं नाव काढू नका."

सुलक्षणाबाईंचा चहा ओट्यावर उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नव्हतं असं आम्ही धरून चाललोय. कुणास ठाऊक." मग जरा संकोचून, "हे मी लिहिलं तर चालेल?"

"नाही," जानकी म्हणाली. "आधी हे लिहितील. मग तुम्ही लिहा. सोलापूरवाल्यांना पण लिहू दे."

काशीराम हसला, आणि हसता हसता त्याने रुमाल तोंडाला लावला.

परत जाताना बसस्टॉपवर दोघं बराच वेळ उभी होती.

"घाटकोपरच्या बागेत बसायचो मी," काशीराम म्हणाला.

"माहितेय. धाकूभावजींनी पाहिलं होतं. मी दोनदा येऊन बघून गेले, फाटकाच्या बाहेरून."

"तू? आणि हाक नाही मारलीस?"

"मारणार होते. तुम्ही कावळ्यांना भाकरी घालत होता. चुलीपुढे बसून थापलेली तांदळाची भाकरी! असा राग आला होता ना मला."

"कडा घालत होतो गं. मधली खायचो."

"खोटं."

बस आली. गर्दी फारशी नव्हती. काशीरामने तिला खिडकीकडची जागा दिली आणि मुलुंड येईपर्यंत तिचा हात सोडला नाही.