दुसऱ्या सिमची जागा

मित्रांनो, काचेवर तडा गेलेला आणि कडेकडेनं तिखटानं लाल झालेला मी एक जुना मोबाइल आहे. मुक्काम कळंबा, कोल्हापूर. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की माझ्या पोटात दोन सिमांची सोय होती आणि त्यातली एक जागा कित्येक वर्षं रिकामी पडून होती.

विजयसिंहांनी मला त्यांच्या बायकोसाठी, राजनंदिनीसाठी आणलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या खात्यावर त्यांनीच नाव टाकलं, 'विजयसिंह घर'. फोटो जोडीचा. तेव्हा माझे भारी लाड होते, मला रुमालात गुंडाळून ठेवत.

दर उन्हाळ्यात राजनंदिनी डंकावर मिरच्या कुटून आणते आणि वर्षाची कांदा-लसूण चटणी करते. एका वर्षी तिनं त्या लाल ढिगाचा फोटो स्टेटसला ठेवला, आणि पार पुण्याहून मागण्या आल्या. घरभर माझं कौतुक झालं. पण मग त्या एकाच खात्यात गिऱ्हाइकांचे पत्ते, बारशाची आमंत्रणं आणि सकाळच्या फुलांचे फोटो यांची अशी खिचडी झाली की मलाच गरगरायचं. नातेवाईक तर "आपलंच हाय की" म्हणत डबा भरून न्यायचे.

एके दिवशी कबनूरच्या चुलत सासूबाई, बाळाबाई, वारल्या. रीतीप्रमाणे राजनंदिनीनं त्यांचा फोटो 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून स्टेटसला लावला आणि रडतच कबनूरला निघाली. सकाळी लावलेला चटणीचा फोटो काढायचं राहून गेलं. 'आजच कुटली, लगेच मागवा', आणि त्याच्या पाठोपाठ बाळाबाई! गिऱ्हाइकांना वाटलं, चटणी करणाऱ्या बाईच गेल्या. ज्यांना खरं कळलं त्यांनी सुतकातली चटणी नको म्हणून मागण्या मागे घेतल्या. भावकी तर पेटलीच. मोठी जाऊ संयोगिता सगळ्यांदेखत म्हणाली, "म्हातारीला अजून उचललंबी न्हाय, आन् हिनं चटणी इकाया काढली."

मला फार राग आला. ही चटणी राजनंदिनीला बाळाबाईंनीच तर शिकवली होती.

विजयसिंहांनी सांगून पाहिलं की धंदा बंद कर, नाहीतर याच खात्यावर जरा जपून चालव. गिऱ्हाईक येतं ते भावकीच्याच ओळखीनं, नव्या नंबरावर कोण येणार? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. घरच्या खात्यावर सारा गोतावळा होता, नव्यावर चिटपाखरूही नसणार. राजनंदिनीनं ऐकून घेतलं. सुतक फिटल्यावर ती दुकानात गेली आणि स्वतःच्या नावावर सिम घेऊन आली.

माझी रिकामी जागा भरली, मित्रांनो! तिनं धंद्याचं वेगळं खातं उघडलं. त्यात पत्ता, कामाची वेळ, मालाचे फोटो, सगळं ज्याचं त्यानं भरायचं. नावापाशी तिचं बोट अडखळलं. मग तिनं लिहिलं, 'राजनंदिनीची चटणी'. जुन्या गिऱ्हाइकांना तिनं एकेक करून नवा नंबर कळवला. घरच्या खात्यावर चटणीचं अक्षर काढायचं नाही, असं ठरवून टाकलं.

बरेच दिवस ते सिम वाजलंच नाही. विजयसिंह येता-जाता माझ्याकडे बघायचे. राजनंदिनी मात्र रोज ठरल्या वेळेला मला पुसून समोर ठेवायची आणि लसूण सोलत बसायची.

आणि एका दुपारी मी वाजलो. नृसिंहवाडीचे एक खानावळवाले बोलत होते. एका गिऱ्हाइकाकडे खाल्लेली चटणी आवडली होती, दर महिन्याला हवी होती. "भाव ठरवाया मालकास्नी द्या की, ताई."

सवयीनं विजयसिंहांनी हात पुढे केला. राजनंदिनीनं मला कानाशी घट्ट धरलं.

"मालक मीच हाय. बोला."

पुढे आलेला हात मागे गेला. मग विजयसिंहांनी फडताळातले रिकामे डबे खाली काढले आणि पुसायला बसले.

आता मी थकलो आहे. घरचं खातं नव्या मोबाइलवर गेलं, मी चटणीपुरता उरलो. तरी मी सुखात आहे. एकच विनंती करतो, मित्रांनो. आईच्या मोबाइलवर खेळताना फोन आला, तर वैतागून तोडू नका. तो तिच्या धंद्याचा असेल. पळत जा आणि तिच्याच हातात द्या.