काचेआडचं ऊन

गाजराची चकती — कडेने वाळून किंचित वर उचललेली, मधला पिवळट कठीण गाभा काढल्यामुळे मध्ये गोल भोक पडलेली — खोक्याच्या कोपऱ्यात सकाळपासून तशीच होती, आणि तिच्यापासून दोन बोटांवर कासवाचं डोकं, डोळे सुजून मिटलेलं. गाभा बायकोनेच काढला असणार, सुरीच्या टोकाने, कामावर निघायच्या घाईत, एक चप्पल पायात आणि एक दाराशी अशा अवस्थेत. कारण पंतांना गाभा चाववत नाही. त्याने खोकं मांडीवर जरा सरळ केलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, आपल्या ताटात गाजर येतं ते गाभ्यासकट, आणि आपण ते मुकाट्याने खातो. कासवाच्या गाजरावर जळणारा माणूस! कुणाला सांगितलं तर लोक तोंडात शेण घालतील. पण जळतो मी. आता सांगूनच टाकतो, जळतो.

प्राण्यांच्या दवाखान्यात त्याचा नंबर चौथा होता. चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्ध्या दिवसासाठी ओढून तो आला होता, कारण बायकोला रजा मिळेना — रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आज ती एकटीच होती — आणि काल संध्याकाळी, पाच दिवस काही न खाल्लेल्या त्या प्राण्यापुढे ती फरशीवर नुसती बसून राहिली, तेव्हा याच्याच तोंडून निघून गेलं, "मी नेतो उद्या." तिने मान वर करून पाहिलं. असं पाहिलं, की... तसं तिने आजवर किती वेळा पाहिलं ते मोजायला बसलं तर एका हाताची बोटं उरतील. आणि तेही कासवाच्या वशिल्याने!

पंत. ती नऊ वर्षांची असताना मामाने आणून दिलेले. लग्न होऊन घरात आली ती दोन बॅगा आणि भोकं पाडलेलं एक खोकं घेऊन. कासवाला अहो-जाहो, नवऱ्याला अरे-तुरे. "पंत, उठलात का? आज उकडतंय, नाही हो?" — रोज सकाळी बाल्कनीत स्टूल टाकून अर्धा तास, एका वेगळ्याच आवाजात, घशातून नाही, जरा खालून कुठून तरी येणाऱ्या, सावकाश, घाई नसलेल्या... आणि घरात पाऊल टाकलं की तो आवाज बाहेरच राहायचा. आत यायचं ते, "अरे, गॅस बंद केलास का?"

"किती वर्षांचं आहे हो?" शेजारी टोपलीत मांजर घेऊन बसलेल्या बाईंनी विचारलं.

"असेल पस्तीस-चाळीसचं."

"मग कशाला काळजी करता? भारी चिवट जात. आपल्या सगळ्यांना पोचवून येईल हा!"

बाई हसल्या. तोही हसला, आणि हसता हसता थांबला. म्हणजे मी गेल्यावरही हा असणारच. मी गेल्याची बातमी ती आधी यालाच सांगणार — पंत, गेला हो आमचा माणूस — आणि हा ऐकून घेणार, आणि मग कोबीचं पान खाणार.

बातमी आधी त्याला, हे काही मनाचे खेळ नव्हते. दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ. तोंडात टूथपेस्टचा फेस, हातात ब्रश, बाल्कनीच्या दाराआड तो उभा, आणि बाहेर ती सांगते आहे, "पंत, आई आता फार दिवसांची नाही. रात्री ताईचा फोन आला होता." त्याने फेस गिळला. ती चव अजून आठवते. मग दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकांवर फ्रेमी बसवत तो वाट पाहत राहिला — आता फोन करेल, जेवणाच्या सुट्टीत तरी करेल — आणि तिने सांगितलं रात्री, ताटं उचलता उचलता, दोन वाक्यांत, रद्दीवाला येऊन गेला हे सांगावं तसं. "हो का?" एवढंच तो म्हणाला. आणखी काय म्हणणार? शिळी बातमी होती. सकाळीच बाहेर जाऊन तिच्याजवळ बसला असतास तर? कुणी हात धरला होता? नाही बसलो. महिन्याभरात बाल्कनीला सरकत्या काचा लावून घेतल्या. धूळ फार येते, म्हणालो. कबुतरं घाण करतात. स्टुलाच्या जागी दुकानातलं भिंगं घासायचं जुनं मशीन आणून ठेवलं. तिला बसायला जागा राहिली नाही. खोकं तेवढं राहिलं, काचेला लागून, ऊन पडतं तिथे.

"या, महाराज!" डॉक्टरीणबाईंनी कासवाला दोन्ही हातांनी अलगद उचलून काट्यावर ठेवलं. घ्या. हिलाही पाझर फुटला. नवरा म्हणून इथे बसलेल्या माणसाला साधं "या" नाही.

मग प्रश्न सुरू झाले. काय खातं, किती खातं, पाणी पितं का, नाकातून काही येतं का — याला एकाचंही उत्तर धड येईना, परीक्षेला चुकून दुसऱ्याच विषयाचा अभ्यास करून आल्यासारखं झालं. शेवटी बायकोला फोन लावून त्याने तो टेबलावर ठेवला, स्पीकर चालू करून. आणि ती घडाघडा सांगत सुटली. कोबीपेक्षा दुधीचा पाला आवडतो. पाणी उथळ ताटलीतून, आणि ताटली पिवळीच लागते. डावा मागचा पाय गेल्या महिन्यापासून ओढतात.

"शेवटची शी कधी केली?"

"मंगळवारी. थोडीशीच. पांढरट होती."

मंगळवारी मला ताप होता, त्याच्या मनात आलं. अंगाला चटका बसेल इतका. हिला विचारा, आठवतोय का.

"आणि ऊन? ऊन मिळतं का रोज?"

"भरपूर! आठपासून अकरापर्यंत बाल्कनीतच असतात. फरशी चांगली तापते तिथली." मागून कुणीतरी तिला हाक मारली. "रांग लागलीये इथे, मी ठेवते. अरे, ऐक, त्यांना उघड्यावर नको ठेवूस हं, वारं लागेल." फोन बंद झाला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर उन्हापुढे बरोबरची खूण केली.

मग त्यांनी अंगठ्याने कवचाची कड दाबली. कड वाकली. दगडासारखी असायला हवी ती, भिजल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली.

"बघितलंत? हाडांतलं कॅल्शियम चाललंय. जबडाही मऊ लागतोय. दहातल्या नऊ वेळा याचं कारण एकच असतं, ऊन मिळत नाही. पण यांना तर भरपूर मिळतंय. म्हणजे मग मूत्रपिंडं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "एक्स-रे काढते, पण खोटी आशा दाखवणार नाही. मूत्रपिंडं गेली असतील तर फक्त हाल व्हायचे. घरी एकदा बोलून घ्या, शांतपणे झोपवायचं का ते."

काच.

त्याला ते कळायला वेळ लागला असं नाही. रोज काउंटरवर उभा राहून मी काय बोलतो? — साहेब, खिडकीच्या साध्या काचेआड बसलेला माणूस कधी उन्हाने भाजलाय का? ती अतिनील किरणं साधी काचच अडवते, मग आमच्या भिंगाचं तर विचारूच नका! — अठरा वर्षं बोलतोय, झोपेत उठवलं तरी बोलेन. काच बसवणाऱ्याने विचारलं होतं, साधी की रंगीत? साधी, म्हणालो. तेव्हा हे मनात आलं होतं का? नव्हतं आलं. देवाशपथ नव्हतं... आलं होतं. बारीकसं, माशी नाकावर बसून उडावी तेवढंच, आणि मी ते उडू दिलं. आणि आता फक्त गप्प बसायचं. काही करायचं नाही, नुसतं गप्प बसायचं, त्यात तर माझा हातखंडा — आठवड्याभरात खोकं रिकामं, मशीन परत दुकानात, बाल्कनीत पुन्हा स्टूल, आणि ती तिथे बसून कुणाला सांगणार? दुसरं राहिलंच कोण? मीच की. मी एकटाच राहतो मग.

"बाल्कनीला काच आहे," तो म्हणाला. कालच्यासारखंच, तोंडानेच परस्पर उरकलं.

"काच? बंद असते?"

"बंदच. दोन वर्षं झाली. धूळ येते."

"अहो, मग ऊन कसलं ते! नुसता उजेड आणि ऊब." त्यांनी ती खूण खोडून टाकली आणि चक्क हसल्या. "बरं झालं बोललात, नाहीतर जिवाला मुकलं असतं बिचारं. वाचेलच असं अजूनही नाही म्हणत मी, पण निदान प्रयत्न करण्यासारखं तरी आहे. इंजेक्शन आत्ता देते. उद्यापासून बाहेरचं ऊन, रोज. आणि चेहरा असा पाडू नका. बहुतेकांना हे माहीतच नसतं."

बाहेर पायऱ्यांवर येऊन, खोकं काखेत धरून त्याने बायकोला फोन लावला. सांगितलं. पलीकडून लॅबमधल्या बाटल्यांचा आवाज येत होता.

"काचेमुळे?"

"हो."

"म्हणजे दोन वर्षं ते..." ती थांबली. याने डोळे मिटले. आता येईल. चष्मे विकतोस ना रे तू? येऊ दे एकदाचं. आलं तर बरंच होईल.

"अरे," ती म्हणाली, "तुला तरी काय माहीत असणार? तुझी दुकानातली भिंगं वेगळी, ही आपली खिडकीची साधी काच. तू मनाला लावून नको घेऊस. मीच ठासून सांगितलं ना, ऊन भरपूर म्हणून? तू बोललास म्हणून कळलं तरी. एकटाच गेलास, दुकान बंद करून... ऐकतोयस ना?"

तोच आवाज. घशातून नाही, जरा खालून, सावकाश, घाई नसलेला. चौदा वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला तो आवाज भर दुपारी रस्त्यावर याच्या कानात येत होता, आणि ती बोलत होती ती दुसऱ्याच कुणाशी तरी — काचेचं काही माहीत नसलेल्या, धुळीसाठी काच लावणाऱ्या, कासवासाठी दुकान बंद करणाऱ्या एका भल्या माणसाशी. असा माणूस घरात असता तर तिने त्याला काय काय सांगितलं असतं! त्या माणसाचा मला हेवा वाटला. इतका, इतका हेवा मला पंतांचाही कधी वाटला नव्हता.

सांगून टाकायला हवं होतं. मी तोंड उघडलंही.

"ऐकतोय," मी म्हणालो. "बोल ना. अजून जरा बोल."