हातोडा शेपटीकडे

दादाला घाई झाली की मी आधी गाडीकडे बघते. आमची शर्यतीची गाडी आम्हा दोघांपेक्षा वयानं मोठी, तिला घाई सोसत नाही. बाबांनी तिच्यापायी हाडांची काडं केली आणि आम्हाला दोन गोष्टी घोटून शिकवल्या. एका वेळी एकच बाजू उघडायची. आणि चाकाचा नट आवळताना हातोडा गाडीच्या शेपटीकडे मारायचा.

चाकाच्या मधोमध एकच मोठा नट असतो, त्याला दोन कान. वरच्या कानावर तांब्याचा हातोडा हाणायचा. चाक ज्या तुंब्यावर, म्हणजे हबवर, चढतं त्यालाच नटाचे आटे; डाव्या हबचे एका दिशेचे, उजव्याचे उलटे, त्यामुळे गाडी पळेल तसा नट आपोआप आवळत जातो. ज्यानं हे शोधलं त्याचे पाय धरावेत!

काल मी बाजारात गेले आणि तेवढ्यात या शहाण्यानं पुढचे दोन्ही हब काढून, धुऊन, ग्रीस भरून बसवूनही टाकले. मी त्याला फैलावर घेतलं, पण काम झालं होतं.

आज सकाळच्या सरावातून तो कपाळाला आठ्या घालूनच आला. "छोटे, स्टिअरिंग थरथरतंय."

चाकं काढणं-घालणं त्याचं, आतलं माझं. स्टिअरिंगचा एक सांधा जरा सैल वाटला, तो मी आवळला. गाडी छान पळाली, मग पुन्हा थरथर. ब्रेकचे ड्रम साफ केले. पुन्हा छान, पुन्हा थरथर. मग बेअरिंग पाहिलं.

"चाकं बघ कशी एका फटक्यात निघतात," दादा म्हणाला. "तुझं निदान तेवढं निघत नाही."

"तोंड बंद ठेव आणि ठोक."

"नटही आज तुझ्यासारखेच उलट्या डोक्याचे झालेत," म्हणत त्यानं हातोडा हाणला. मला हसू आलं.

बेअरिंगनंतर थरथर गेली. मला ते मुळीच आवडलं नाही. कारण न सापडता गेलेला दोष गेलेला नसतो, दडून बसलेला असतो. "दादा, आजची शर्यत सोड," मी म्हटलं. "काहीतरीच काय!" म्हणून त्यानं मनगटावरचं घड्याळ वहिनीच्या हातात दिलं आणि गाडीत बसला.

गाड्या सुटल्या. वहिनी माझ्याजवळ सरकली. "ताई, गाडी ठीक आहे ना? खरं सांगा हं."

"शोधतेय अजून," मी म्हटलं. तिचा चेहरा उतरला.

सांधा, ड्रम, बेअरिंग. तीन वेगळी औषधं आणि तिन्हींनी गुण आला? असं कुठं असतं! मी काय केलं ते राहू दे. तिन्ही वेळा दादानं काय केलं? चाकं ठोकली. म्हणजे नट दर वेळी सैल झाले होते. पण ते तर पळताना आवळतात. उलट्या डोक्याचे...

दादाचा हात डोळ्यांपुढं आला. हातोडा शेपटीकडे नाही, नाकाकडे चालला होता. मूर्खानं डावा हब उजवीकडे बसवला होता आणि उजवा डावीकडे. आता तो जितका जोरात पळेल तितका नट सुटत जाणार होता.

मी धावत सुटले. निशाणवाला खुर्चीतून उठेपर्यंत लाल निशाण माझ्या हातात होतं. "थांबा! अहो, थांबवा सगळ्यांना!" एकेक गाडी समोर येऊन मंदावत गेली. आमची आली नाही. झाडांआडच्या वळणावर तिचं इंजिन एकदम किंचाळलं आणि बंद पडलं.

मग झाडांआडून चाक आलं. एकटंच. सरळ रेषेत, सावकाश, आणि कुंपणाला टेकून आडवं झालं. त्याच्या तारा सकाळी मीच पुसल्या होत्या.

धापा टाकत वहिनी मागून आली. दादाचं घड्याळ तिच्या मुठीत होतं. "ताई, कुणाच्या गाडीचं आहे हो ते?"

मी तिच्या आणि चाकाच्या मध्ये उभी राहिले.