हळदीकुंकू व प्रदर्शन-विक्री

मनीषाच्या दुकानाचं नाव ‘ओसरी’. गंगापूर रोडला तळमजल्यावरचा गाळा, पुढे चार स्कूटी लागतील एवढी जागा, आणि ओसरी म्हणावी असं त्यात काहीच नाही. पण पाटीवर नावाखाली ‘क्युरेटेड स्पेस’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असल्यामुळे तिथे येऊन कुणी ओसरी शोधत बसत नसे. तसं पाहिलं तर कुणी काहीच शोधत येत नसे, फक्त झेरॉक्स कुठे निघेल एवढं विचारायला लोक आत डोकावत.

‘ओसरी’त दर महिन्याला एका शनिवारी-रविवारी नाशिकच्या कलाकारांच्या आणि डिझायनरांच्या वस्तूंची विक्री भरायची. टेबलांवर गोणपाट, गोणपाटावर वस्तू, वस्तूंवर पिवळे दिवे. कलाकार मंडळी सकाळी येत, एकमेकांच्या वस्तू हातात घेऊन ‘कसलं सुंदर आहे हे’ म्हणत आणि संध्याकाळी एकमेकांकडूनच काहीतरी विकत घेऊन घरी जात. टेराकोटाची एक माळ अशी सगळ्यांच्या गळ्यात फिरून शेवटी ‘व्हिंटेज’ म्हणून पुन्हा त्याच टेबलावर येऊन बसली होती. या देवघेवीला मनीषा ‘कम्युनिटी’ म्हणे. तिचा धाकटा दीर हर्षल त्याच देवघेवीला भिशी म्हणे.

गाळा सासऱ्यांचा. कोंडाजींना घरात आणि मखमलाबादेत सगळेच नाना म्हणत. नानांनी जन्मभर मेथी, कोथिंबीर आणि गुलाब पिकवले, पंचवटीच्या मार्केटात पहाटे नेऊन विकले आणि त्यातून ही इमारत उभी केली. कलेशी त्यांचं वाकडं नव्हतं. एकदा दुकानात आले असताना त्यांनी वेदिका नावाच्या मुलीनं केलेली चिनीमातीची वाटी उचलून बघितली आणि ही एका अंगाला का झुकली म्हणून विचारलं. हातानं केलेली आहे, असं वेदिकानं अभिमानानं सांगितलं. नाना म्हणाले, “असू दे. पुढची नीट होईल.”

तर या गाळ्यावर आता मोमोवाल्याचा डोळा होता, आणि मोमोवाल्याला आणलं होतं हर्षलनं. हर्षल प्लॉटची दलाली करायचा आणि चालू दुकानाकडे तो डॉक्टरनं पेशंटकडे बघावं तसा बघायचा. नानांसमोर त्यानं मांडलं, की वहिनींचा छंद आहे, छंदाला विरोध नाही, पण छंदाला एवढं फ्रंटेज लागत नाही. मनीषाचा नवरा भारत अंबडच्या कंपनीत शिफ्टला होता. त्याचं मत त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, नाना म्हणतील तसं. तो लग्नातही असंच म्हणाला होता.

नानांनी निवाडा दिला तो मार्केटातला. “संक्रांतीला बाजार भरव. सांजच्याला मी स्वतः येतो. माल घरी माघारी न्यायची येळ आली, तर गाळा मोमोला.”

किती रुपयांना विकलं, हे ते विचारणारच नव्हते. भाव चढणं-पडणं बाजाराच्या हातात असतं, पण सकाळी नेलेल्या जुड्या संध्याकाळी त्याच गाडीतून घरी आणणं ही ज्याची त्याची नामुष्की, असा त्यांचा हिशेब साधा होता. मनीषाला तोच जड होता. ‘ओसरी’तला माल माघारी जाण्यातच मुरलेला होता.

तिनं चांगली मोठी पोस्ट लिहिली. मातीशी नातं, हातांची ऊब, स्लो लिव्हिंग. पोस्टला भरपूर बदाम आले आणि ते सगळे त्याच कलाकारांचे होते. तेव्हा नानांच्या बहिणीनं, नवसाबाईंनी, उपाय सांगितला. बायकांना विकायला बोलावलं तर त्या येत नाहीत, हळदीकुंकवाला बोलावलं तर पाय मोडला तरी येतात. संक्रांतच आहे, हळदीकुंकू ठेव, आल्या की बघतील, बघितलं की घेतील. यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मनीषानं सोसायटीच्या, माहेरच्या, सासरच्या आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं. आधी हळदीकुंकू, मग वेळ, मग पत्ता, आणि त्याखाली कलाकारांच्या वस्तूंच्या प्रदर्शन-विक्रीची माहिती. ती माहिती नेमकी ‘पुढे वाचा’च्या खाली गेली. भजनी मंडळात पुढे वाचण्याची पद्धत नाही.

आता हळदीकुंकू म्हटलं की वाण आलं. वाण म्हणजे आलेल्या सवाष्णीला द्यायची वस्तू. ती वाटायची नसते, लुटायची असते. कुणाकडे प्लॅस्टिकचा डबा, कुणाकडे साबणदाणी, कुणाकडे चहाची गाळणी. मनीषाला गाळणी लुटणं ‘ओसरी’च्या सौंदर्यदृष्टीला धरून वाटेना. तिनं हातकागदाची सुबक पाकिटं केली आणि त्यात दहा टक्के सवलतीचं कूपन घातलं. वाणाचं वाण आणि विक्रीला चालना. ही कल्पना तिला इतकी आवडली, की ती तिनं वेदिकाला फोन करून सांगितली. वेदिकाला ती ‘ऑर्गॅनिक’ वाटली.

संक्रांतीच्या दुपारी बायका आल्या आणि येतच राहिल्या. मखमलाबादेची भावकी टेम्पो करून आली. सिन्नरहून मनीषाची मावशी चार जावांना घेऊन आली. स्कूटी शेजारच्या दातांच्या दवाखान्यापुढे लागल्या, दातांचे डॉक्टर बाहेर आले, आणि त्यांची समजूत घालायला मनीषा रस्त्यावर गेली. आत कुंकवाच्या करंड्यापाशी तिनं बसवलं होतं नवसाबाईंना. सगळं विस्कटलं ते एवढ्या वेळात.

नवसाबाईंनी पहिल्या बाईला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाण म्हणून पाकीट उचललं. उघडून बघितलं. आत कागद. त्यांनी दुसरं उघडलं. त्यातही कागद. कागदाचं वाण त्यांनी ऐकलं नव्हतं. सून शिकलेली आहे, घाईत बिलं इथे ठेवून गेली असेल, असं धरून त्यांनी पाकिटं बाजूला सारली आणि वळून पाहिलं, तर पाठीमागच्या टेबलावर दिव्यांखाली वाट्याच वाट्या मांडलेल्या. निळ्या, करड्या, मातकट. नवसाबाईंचा ऊर भरून आला. सुनेनं नाव काढलं म्हणाल्या आणि पहिली वाटी पहिल्या बाईच्या पदरात घातली.

पुढचं आपोआप झालं. वाण मिळतंय म्हटल्यावर रांग लागली, आणि रांग लागली म्हटल्यावर वेदिका टेबलामागून पुढे आली. पैसे दारापाशी मनीषाताई घेत असतील, अशी तिची समजूत. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या वस्तूपुढे रांग बघितली होती, त्यामुळे ती प्रत्येकीला वाटीचं नाव सांगत होती. कारण प्रत्येक वाटीला नाव होतं. ‘गोदा’, ‘सांज’, ‘एकांत’. भट्टीचं तापमान सांगत होती. एका आजीबाईंनी ‘एकांत’ उलटी करून विचारलं, हिच्यात दही लागंल का. लागेल, असं वेदिका म्हणाली, तिचे डोळे पाणावले होते. वाट्या संपल्या तेव्हा बायका शेजारच्या टेबलावरच्या कापडी पिशव्यांकडे वळल्या, मग कानातल्यांकडे, आणि तिथल्या कलाकारांचीही समजूत वेदिकासारखीच. ती व्हिंटेज माळ भजनी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी जागेवरच गळ्यात घातली. हर्षलची बायको तीन वाट्या घेऊन निघाली, एक स्वतःची, एक आईची आणि एक अशीच.

मनीषा डॉक्टरांना तिळगूळ देऊन परतली तेव्हा दारात तिची मावशी भेटली, हातात ‘सांज’. मावशी म्हणाली, “बाई गं, एवढं भारी वाण कुणी काढतं का? आमच्या सिन्नरात चमचे देतात.”

मनीषानं आत पाहिलं. टेबलांवर गोणपाट उरलं होतं. काय झालं हे तिला लगेच समजलं, आणि काय होणार हेही. मोमोची वाफ तिला नाकाशी जाणवली. अजून वेळ गेलेली नव्हती, बऱ्याच बायका दुकानातच होत्या. दार अडवून गैरसमज झाला म्हणून सांगितलं असतं, तर निम्मा माल तरी जागेवर आला असता आणि कदाचित दोन-तीन वाट्या खरोखर विकल्याही गेल्या असत्या. तिनं तोंड उघडलं. समोरच्या म्हातारीनं वाटी पदराआड नीट धरून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुखी राहा म्हणाली. संक्रांतीच्या दिवशी सवाष्णीच्या पदरातलं वाण परत मागणारी बाई मनीषानं पाहिली नव्हती. अशी बाई नंतर नाशिकात राहू शकत असेल असंही तिला वाटेना. ती म्हणाली, “पुढच्या वर्षी पण या हं.”

एवढं बोलून तिनं गाळा मनातल्या मनात सोडून दिला.

वेदिकाला तोवर कुणाच्या तरी तोंडून ‘वाण’ हा शब्द ऐकू गेला होता, आणि ती मनीषाकडे नुसती बघत राहिली होती. मनीषानं तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि सगळं भरून देईन म्हणून सांगितलं. कशातून, हे तिलाही माहीत नव्हतं.

भिंतीवर मात्र एक वस्तू होती तशीच होती. राज नावाच्या चित्रकाराचा करड्या रंगाचा मोठा कॅनव्हास, ‘अवकाश’. लूट सुरू असताना राज हाताची घडी घालून उभा होता. आपली कला गर्दीसाठी नाही, याचं त्याला सुरुवातीला समाधान वाटलं. मग पिशव्या गेल्या, कानातली गेली, वस्तू मांडायला आणलेल्या विटासुद्धा कुणीतरी कुंडीखाली होतील म्हणून नेल्या, तेव्हा त्याच्या हातांची घडी सुटली. नवसाबाईंनी एका धिप्पाड बाईला चित्र देऊ केलं, भिंतीला लागंल म्हणाल्या. ती बाई मागे सरली. “नको आत्या, घरात लहान लेकरं हायेत.”

राज मनीषापाशी आला आणि घसा साफ करून हळूच म्हणाला, “ताई, माझंही कुणीतरी नेलं, असं सांगता येईल का?”

दोघांनी मिळून चित्र काढलं आणि पाठीमागे केरसुणीशेजारी भिंतीकडे तोंड करून ठेवलं. राज तिचे आभार मानून गेला.

नाना दिवेलागणीला हर्षलच्या गाडीतून उतरले, पण दुकानात शिरायला त्यांना बराच वेळ लागला. फाटकाशी भावकीतल्या बायकांनी त्यांना गाठलं. एकेकीनं वाटी दाखवली. आजवर त्यांच्या कोथिंबिरीचं कौतुक कुणी केलं नव्हतं असं नाही, पण ते भाव पाडून घेण्याच्या आधी केलेलं असे. असं सगळं घेऊन झाल्यावर केलेलं कौतुक त्यांना नवीन होतं.

हर्षल आधी आत आला. रिकामी टेबलं बघून चरकला, मग आत्याला विचारून खात्री करून घेतली आणि त्याचा चेहरा उजळला. नाना आत येताच त्यानं सांगितलं, की एक पैसा आलेला नाही, वहिनींनी सगळं फुकट वाटलं.

मनीषा म्हणाली, “खरंय नाना. आत्याबाईंनी वाण समजून दिलं. मी आले तेव्हा थांबवता आलं असतं. नाही थांबवलं.”

“म्हंजे माघारी न्यायचं काय नाय,” नाना म्हणाले.

“नाना, विकलं नाही म्हणतोय मी,” हर्षल म्हणाला. “मोमोवाला उद्या टोकन घेऊन येतोय.”

नाना खुर्चीत बसले. बाहेर अजून बायकांचं बोलणं चालू होतं आणि ते दारातून आत ऐकू येत होतं. त्यात त्यांचं नाव होतं.

“त्याला नगं म्हणून सांग,” ते म्हणाले. “सारी भावकी बाहेर वाट्या घिऊन उभी हाय. आन् उद्या हितं मोमो लावले तर काय म्हंत्याल? कोंडाजीच्या सुनंनं वाण लुटलं आन् घर बसलं. लय मोठं झालो आपण आज, हर्षल. आता खाली उतरता यायचं नाय.”

हर्षलनं आकडे सांगायला सुरुवात केली. नानांनी त्याला मध्येच विचारलं, तुझ्या बायकूनं किती नेल्या. हर्षल मोबाइल बघायला लागला. मग वेदिकाकडे बोट दाखवून, या पोरीचे आन् बाकीच्यांचे पैसे तूच देऊन टाक, घरचीच लूट हाय, असं नानांनी सांगितलं आणि तो विषय त्यांच्यापुरता मिटला. हर्षलच्या तोंडावरून मोमोवाला, टोकन आणि दलाली एकापाठोपाठ उतरून गेली.

मनीषानं टेबलावरचं गोणपाट ओढून सरळ केलं. दुकानात एकही वस्तू न विकता तिनं दुकान राखलं होतं, आणि यात कुणालाच काही वावगं दिसत नव्हतं. पुढच्या संक्रांतीला याहून कमी वाण काढता येणार नाही, हेही त्यातच ठरून गेलं होतं.

नाना वेदिकाकडे वळले. “पुढल्या सालाला दोन-तीनशे निघतील का गं?”

वेदिकानं डोळे पुसले आणि सरळ बसली. तिनं समजावून सांगितलं, की तिचे पीसेस लिमिटेड असतात, प्रत्येक वाटी वेगळी असते, ती बल्कमध्ये काम करत नाही. प्रत्येक पीसला त्याचा त्याचा वेळ लागतो.

नानांना यात अडचण दिसली नाही. वेळ कशालाही लागतोच.

“मग आत्तापासनंच लागण कर,” ते म्हणाले आणि बाहेर बायकांमध्ये जाऊन उभे राहिले.

मनीषानं वेदिकाकडे पाहिलं. आता ही तत्त्वावर बोट ठेवून उठून जाणार, असं तिला वाटलं. वेदिका उठली नव्हती. ती पुटपुटत बोटांवर काहीतरी मोजत होती, बहुधा महिने.