काका चुकले तो दिवस

भिंगरीला खुर्चीत बसवेना. कधी चपला काढ, कधी घाल, कधी मान वळवून दाराकडे बघ. शेजारी बसलेला सुतार, तिच्यासारखाच सुधारगृहात वाढलेला, शेवटी कुजबुजला, "अगं, खुर्चीला काटे फुटलेत का?"

"मी बाहेर जाते."

"काकांच्या शोकसभेतून? गप बस."

काका म्हणजे सुधारगृहाचे अधीक्षक. घरच्यांनी टाकून दिलेली, पोलिसांनी आणून सोडलेली पोरं सांभाळण्यात त्यांची उभी हयात गेली. भिंगरी हे नावही त्यांनीच ठेवलेलं. पोरगी एका जागी ठरेल तर शपथ! आता ती लिफ्ट दुरुस्त करायची आणि दिवसभर खालीवर करूनही तिचे पाय काही शांत होत नसत.

पण आजची तगमग वेगळी होती. जो उठे तो काकांना देव्हाऱ्यात नेऊन बसवत होता. माणूस ओळखूच येईना. त्यात नवे अधीक्षक भारावून म्हणाले, "काकांच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नाही."

"झाली," भिंगरी म्हणाली.

आपण उभ्या आहोत हे तिला नंतर कळलं. सगळा हॉल वळून बघत होता. पहिल्या रांगेतल्या काकूसुद्धा. आता बसणं म्हणजे आणखी वाईट.

"मी चौदा वर्षांची होते," ती म्हणाली. "कुंपणावरून उडी मारून पळाले. मावशीकडे जायचं होतं. वळून बघते तर काका मागे! मला वाटलं, आता धरून नेणार. तर म्हणाले, चल, मीही येतो. सगळं गाव तुडवलं आम्ही. वाटेत मी मावशीचं कौतुक सांगत होते. ती मला कुशीत घेऊन झोपते, माझ्यासाठी जीव टाकते, काय नि काय. काका नुसते हं, हं करत होते."

तिने ओढणीचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं.

"मावशीने दार उघडलं. माझ्याकडे बघितलंच नाही. काकांना म्हणाली, तुम्हाला मागेच सांगितलं होतं ना, हिला इथे आणू नका म्हणून? आणि दार लावून घेतलं."

तिने बोटावरची ओढणी सोडली.

"म्हणजे काकांना ठाऊक होतं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. भर रस्त्यात त्यांना गुद्दे मारले. ते उभेच. म्हणाले, 'मला वाटलं, तुला समोर बघून तिला पाझर फुटेल. चुकलं माझं, पोरी.' मोठ्या माणसाने माझ्यापुढे चूक कबूल केल्याचं तोवर मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणून सांगते, चुकत होते ते. त्यांना देव करू नका."

ती धपकन बसली. तेवढ्यात सुतार उठला. "मलाही एकदा भलत्याच चोरीबद्दल झापलं होतं त्यांनी," तो म्हणाला, "आणि मग सगळ्यांसमोर माफी मागितली." मागून आणखी कुणी तरी बोलायला लागलं. कोणी हसलं, कोणी डोळे पुसले. नवे अधीक्षक हातातला माईक नुसताच धरून उभे राहिले.

सभा संपल्यावर काकूंनी तिला दारात गाठलं.

"काकू, रागावलात?"

"त्या दिवशी ते जेवले नाहीत बघ," काकू म्हणाल्या. "पोरीला तिथे न्यायला नको होतं, एवढंच घोकत बसले. मग तू अबोला धरलास. रोज घरात पाऊल टाकताच सांगायचे, आजही नाही बोलली. एकदा मात्र हसतच आले. पाण्याचा पंप बिघडला होता, ते खोलून बसले होते, आणि तू मागून येऊन म्हणालीस, 'सरका, तो पाना द्या इकडे.' अगं, लॉटरी लागल्यासारखं सांगत होते!"

भिंगरीला पंप आठवत होता, काळंकुट्ट ग्रीस आठवत होतं. ते शब्द काही आठवेनात.

"मी असं म्हणाले?"

"तूच."

बसस्टॉपवर ती थांबली नाही. बस आली, गेली. ती चालतच राहिली. 'सरका, तो पाना द्या इकडे' हे आपण रागाने म्हणालो होतो की नुसतंच, हे तिला काही केल्या आठवेना.